ओझ्याची पालखी

"आत कुणीच नाहीये. नुसतं ओझं आहे."

भाची हे बोलली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. शनिवारची रात्र, आमचं जेवणाचं टेबल, मधोमध चिवड्याचा डबा, पाच जणांचे फासे आणि मी वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलेला एका घाटाचा नकाशा. खेळातले चौघं अमावास्येच्या रात्री घाट उतरत होते आणि समोरून वेताळाची पालखी येत होती. पालखी मी आणली होती. पुढे मशाली, मागे भोई, वाजंत्र्यांचा आवाज आणि वाजवणारं कुणीच नाही, एवढी माझी तयारी होती. तेवढ्यात एकानं विचारलं, पालखीत कोण बसलंय? मी उत्तरासाठी वहीचं पान उलटत होतो आणि ही बोलून गेली.

मग ती थांबेना. भोई म्हणजे अशी माणसं, ज्यांनी कधीतरी दुसऱ्याचं ओझं उचलायचं कबूल केलं आणि अर्ध्या वाटेत टाकून पळाले. आता त्यांना खांदा बदलता येत नाही. कुणी चुकून दांडीला हात लावला, की एक भोई सुटतो आणि हात लावणारा अडकतो.

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग तिच्या शेजारी बसलेल्या माझ्या मित्रानं हातातला वीस बाजूंचा फासा हळूच खाली ठेवला. "मी हात लावलाय," तो म्हणाला. "मघाशीच. मशाल काढून घेताना."

इतकी वर्षं मी हा खेळ चालवतोय, पण त्या क्षणासारखे क्षण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', खेळणाऱ्यांच्या तोंडी डीएनडी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाच्या गावातून १९७४ मध्ये बाहेर पडला. कर्ते दोघं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पहिली छपाई हजार प्रतींची. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, तोंडानं सांगतात की माझं पात्र आता अमुक करतं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पुस्तकात नियम असतात, राक्षस असतात, जादूचे मंत्र असतात. गोष्ट मात्र टेबलावर घडते. म्हणजे पुस्तक विकत घेणाऱ्यानं उरलेलं निम्मं स्वतः रचायचं, असाच हा खेळ बांधलेला आहे. म्हणून जगभर टेबलाटेबलांवर लोकांनी आपापली गावं, आपापले देव, आपापली भुतं तयार केली. या घरगुती मालाला आम्ही होमब्रू म्हणतो.

आमचा घाटही तसाच. दोनेक वर्षांनी मी तो नीट लिहून काढला, नकाशे पुन्हा काढले, बत्तीस पानांची पीडीएफ केली आणि फुकट वाटली. कुणीतरी कुठेतरी खेळेल, एवढीच इच्छा होती. पुढे एका परदेशी प्रकाशकाचं पत्र आलं. आशियातल्या लोककथांवरच्या साहसांचं पुस्तक काढतोय, तुमचा घाट हवाय. बरोबर सहा पानी करार होता. मानधनाची रक्कम मला मोठी होती. सही करायची जागा त्यांनी पिवळी करून दिली होती.

चौथ्या पानावर एक कलम होतं. ही संपूर्ण कृती माझी एकट्याची, स्वतंत्र निर्मिती आहे, अशी मी हमी देतो. त्याच्या खालचं कलम असं, की पुढे कुणी हक्क सांगितलाच तर त्याचा सगळा खर्च माझा. आणि त्याच्याही आधी, दुसऱ्या पानावर, सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे.

'एकट्याची' या शब्दापाशी मी अडलो. बत्तीस पानांतली पालखीची अडीच पानं उघडली आणि ओळीओळीवर बोट ठेवत गेलो. वेताळ माझा नाही. माझ्या आईचं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला. तिथे आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात. वेताळाची रात्रीची पालखी तर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. भोयांचं बळ, त्यांची चपळाई हे सगळे आकडे ज्या साच्यात बसवलेत तो अमेरिकेतल्या कंपनीचा. वाक्यं माझी. घाटाची वळणं माझी. आणि ज्या एका गोष्टीमुळे त्या प्रकाशकाला हा घाट हवासा वाटला (पत्रात त्यानं तिचंच कौतुक केलं होतं) ती भाचीची.

त्या रात्री मला गिथयांकी आठवले.

गिथयांकी हे डीएनडीमधले फार गाजलेले लोक. पिवळट कातडीचे, हाडकुळे, हातात चंदेरी तलवारी, माणसाचा मेंदू खाणाऱ्या राक्षसांच्या गुलामीतून बंड करून सुटलेले. २०२३ साली 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकावरचा खेळ आला, त्यातली लेझेल गिथयांकीच आहे, आणि भाचीला ते तिच्यामुळेच माहीत झाले. पण त्यांचा जन्म कंपनीच्या कचेरीतला नाही. लंडनहून 'व्हाइट ड्वार्फ' नावाचं मासिक निघायचं. त्यात 'फीन्ड फॅक्टरी' हे सदर होतं, वाचकांनी आपापले राक्षस रचून पाठवायचे आणि त्यातले चांगले छापले जायचे. १९७९ मध्ये त्या सदरात गिथयांकी आले. पाठवणारा लीड्सचा एक शाळकरी मुलगा होता, तेव्हा चौदा वर्षांचा. चार्ल्स स्ट्रॉस. तो पुढे ह्यूगो पुरस्कार मिळवणारा विज्ञानकथाकार झाला, पण तेव्हा तो वहीत राक्षस काढणारा पोरगा होता. १९८१ मध्ये या सदरातले निवडक राक्षस घेऊन डीएनडीच्या कंपनीनं, म्हणजे टीएसआरनं, 'फीन्ड फोलिओ' हे पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर गिथयांकी. आत कुठला राक्षस कुणी रचला त्याची यादीही छापली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता त्याच्या मागचा धागा ओढू. 'गिथयांकी' हा शब्द स्ट्रॉसचाही नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९७७ च्या पहिल्या कादंबरीत तो आहे. स्ट्रॉसनं तो तिथून उचलला आणि हे त्यानं स्वतः उघडपणे सांगितलं आहे. चौदाव्या वर्षी वाचलेल्या पुस्तकातला एक शब्द मनात घोळतो आणि आपण त्याला हातपाय लावतो. यात मला काडीचंही वावगं दिसत नाही, मी स्वतः तेच करत मोठा झालो.

पुढचा धागा असा. १९९७ मध्ये टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतली. २००० साली या नव्या मालकांनी एक खुला परवाना काढला. खेळाच्या नियमांचा गाभा कुणीही वापरावा, त्यावर पुस्तकं लिहावीत, विकावीत. उदार निर्णय होता, आणि त्यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. फक्त काही नावं कंपनीनं स्वतःकडे राखून ठेवली, ही आमची खास ओळख आहे, यांना हात लावायचा नाही. त्या राखीव यादीत 'गिथयांकी' आहे. त्यांचे भाऊबंद 'गिथझेराय', तेही स्ट्रॉसचेच, तेही आहेत.

कायद्यानं पाहिलं तर यात बहुधा काहीच चुकीचं नाही. एकट्या शब्दावर सहसा कॉपीराइट मिळत नाही, आणि मासिकाशी, पुस्तकाशी जे काही ठरलं ते ठरलं. तरी ही साखळी मला सलते. कादंबरीतून वहीत, वहीतून मासिकात, मासिकातून पुस्तकात, इतक्या दारांतून तो शब्द मोकळा फिरला. शेवटी ज्याच्या अंगणात पोचला त्यानं कुंपण घातलं.

आणि हे कुंपण घालणारे कोण? तेही आधी चाहतेच होते. १९७४ च्या मूळ पुस्तिकांत सरळ 'हॉबिट', 'एंट', 'बालरॉग' असे शब्द छापलेले होते, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्कीन यांच्या पुस्तकांतून घेतलेले. हक्कधारकांनी डोळे वटारल्यावर १९७७ मध्ये ते 'हाफलिंग', 'ट्रीएंट' आणि 'बालोर' झाले. राखीव यादीतलाच आणखी एक, 'डिस्प्लेसर बीस्ट', सहा पायांचं काळं मांजर, खांद्यांतून फुटलेल्या दोन सोंडा. ए. ई. व्हॅन व्होट यांच्या १९३९ च्या कथेतल्या प्राण्यावरून तो बेतलेला आहे. चाहत्यांनी चाहतेपणानं रचलेला खेळ, आणि त्याच कंपनीनं १९९४ मध्ये इंटरनेटवर आपापली साहसं फुकट ठेवणाऱ्या पोरांना ती काढून टाका म्हणून कळवलं. ठेवायचीच असतील तर आम्ही सांगू त्याच ठिकाणी, आम्ही सांगू ती ओळ जोडून. तेव्हा लोक टीएसआर ही अक्षरं 'कायम खटले भरणारे' अशा अर्थानं फोडून वाचत.

सुरुवातीला असं नव्हतं. १९७६ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटर गावचा बॉब ब्लेडसॉ आपण केलेल्या शहराचा नकाशा घेऊन लेक जिनीव्हाला गेला. त्याला तोंडी होकार मिळाला, त्यातून जजेस गिल्ड ही प्रकाशन संस्था उभी राहिली, लेखी परवाना नंतर आला. पैसा कमी होता तोवर तोंडी होकार पुरायचा, असं मला वाटतं.

जानेवारी २०२३ मध्ये काय झालं ते खेळणाऱ्या सगळ्यांच्या लक्षात असेल. खुल्या परवान्याचा नवा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री झाली तर वरच्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत हिस्सा. बोंबाबोंब मुख्यतः या टक्क्यांवरून झाली. मला मात्र दुसऱ्या कलमानं अस्वस्थ केलं. तुम्ही या परवान्याखाली जे रचाल ते कंपनीला हवं तसं, कायमचं, मागे घेता न येण्याजोगं, एक पैसा न देता वापरता येईल. टक्के फक्त मोठ्यांना लागणार होते. हे कलम लीड्सच्या पोरालाही लागलं असतं.

हजारो लोक चिडले, कित्येकांनी कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद केली, आणि २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेत नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मोकळा केला. या परवान्याची मुख्य अट एकच. वापरा, बदला, विका, पण कुणाचं आहे ते सांगा. इतक्या वकिलांच्या इतक्या पानांनंतर गाडी येऊन थांबली ती नाव लिहिण्यापाशी.

चाहत्यांचा माल विकायचा अधिकृत बाजारही आहे. २०१६ पासून डीएम्स गिल्ड या ठिकाणी कंपनीची जगं आणि पात्रं वापरून लिहिता येतं, विकता येतं. किमतीतला निम्मा हिस्सा लेखकाचा. बदल्यात ते लिखाण दुसरीकडे विकता येत नाही, आणि तुम्ही त्यात घातलेलं नवं पात्र तिथले इतर लेखकही वापरू शकतात. पुष्कळांना हे जाचक वाटतं. मला तो सौदा प्रामाणिक वाटतो, कारण काय जाणार ते आधीच सांगितलेलं आहे आणि तिथे येणारा प्रत्येक जण तेच देऊन आत आलेला आहे.

माझ्या करारात तसं नव्हतं. मी आपल्याकडचा कायदा उघडून बसलो. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूनं बराच विचार करतो. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही कृती आपली आहे हे सांगायचा लेखकाचा अधिकार उरतो. पण माझ्या कागदावर 'कायमचे' आणि 'जगभर' हे दोन्ही शब्द स्वच्छ लिहिलेले होते. पाच वर्षांची ती मेहेरबानी शब्द न लिहिणाऱ्यांसाठी आहे.

भाचीचा विचार केला तर कायदा आणखीच दूर जातो. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की कल्पना, विषय, कथासूत्र किंवा दंतकथा यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. वेताळाची पालखी ही दंतकथा. भोयांना खांदा बदलता येत नाही ही कल्पना. मांडणी माझी, कारण लिहिलं मी. ती फक्त बोलली होती. उद्या मी सही केली असती तर बहुधा कुठलंही न्यायालय मला चूक म्हणालं नसतं. सगळ्यात जास्त त्रास मला याचा झाला. माझ्या विरुद्ध काही असतं तर घाबरून तरी थांबलो असतो. इथे वाट मोकळी होती आणि पैसे समोर होते.

रविवारी ताईकडे गेलो. भाची आता दहावीत. दारातच म्हणाली, "मामा, केलीस सही?"

"नाही अजून. त्यात लिहिलंय की हे सगळं मी एकट्यानं केलंय."

"मग ते खोटं आहे."

"बरंचसं मीच लिहिलंय ना गं."

"हो, पण पालखी?" ती पायातला बूट काढता काढता थांबली. "पालखी तर आपली आहे."

'माझी' असा शब्द तिच्या तोंडी सहज आला असता आणि तो खराही ठरला असता. ती 'आपली' म्हणाली. त्या टेबलावर बसलेले पाचही जण त्यात आले, मशालीला हात लावणारा माझा मित्रसुद्धा.

मी प्रकाशकाला तीन गोष्टी मागितल्या. पहिल्या पानावर दोन नावं, मुदत पाच वर्षं, आणि हमीच्या कलमातून 'एकट्याची' हा शब्द काढायचा. तिचं वय अठराच्या आत, तिच्या वतीनं ताई सही करेल, हेही लिहिलं. उत्तर सभ्य होतं. मसुदा सर्वांना एकच आहे, एका लेखकासाठी तो बदलता येत नाही. मी नाही कळवलं. त्या पैशांतून काय काय करायचं ते मनात ठरून गेलेलं होतं, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस फार वाईट गेले. पण ताईच्या दारातला तो थांबलेला बूट डोळ्यांसमोरून हलेना.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट मनात येत राहिली. देवनागरीत मराठी छापलं जायच्या कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत लोकांनी प्रेमापोटी त्यात आपल्या ओव्या घुसवल्या होत्या. एकनाथांनी त्या वेगळ्या काढल्या आणि बजावलं, की यापुढे जो यात आपली ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. शाळेत हे शिकलो तेव्हा मी पूर्णपणे नाथांच्या बाजूचा होतो. आता त्या ओव्या घालणाऱ्यांचंही वाटतं. त्यांना पैसा नको होता, नावही नको होतं. आवडत्या ग्रंथाला आपला हात लागावा इतकंच हवं होतं. नाथांचं बरोबरच होतं, कुणाचं काय ते कळायलाच हवं. पण वेगळ्या काढलेल्या त्या ओव्या कुणाच्या होत्या, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून आम्ही पीडीएफची नवी प्रत काढायला घेतली. फुकटच, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. पहिल्या पानावर 'कुणी काय केलं' असा मथळा दिला आणि शनिवारी खेळ बाजूला ठेवून पाचही जण ती यादी करायला बसलो. वाटलं होतं पाच ओळींत संपेल. घाटाखालच्या नावाड्याचं नाव मित्राच्या बायकोनं ठेवलं होतं, हे मी विसरूनच गेलो होतो. तिसऱ्या मुक्कामाचं कोडं शेजारच्या मुलाचं, तो एकच शनिवार आला होता. आमची भांडणंही झाली. पुलाखालचा आवाज आपला, असं दोघांनी ठामपणे सांगितलं, तेव्हा दोघांची नावं लिहिली. पान भरलं, मागची बाजू उलटली.

पालखीपाशी आलो. भाचीनं स्वतःचं नाव लिहिलं, मग पेन्सिल दातांत धरून बसली. "मामा, पालखी आधी कुणी सांगितली होती तुला?"

"आईनं. तुझ्या आजीनं. लहानपणी, लाइट गेले की."

"मग आजीचं नाव नको?"

आई आतल्या खोलीत होती, तिला हाक मारली. ती चष्मा पुसत आली, काय चाललंय ते ऐकून घेतलं आणि हसली. "माझं कशाला रे? आमच्याकडे सगळेच सांगायचे. मला गड्यांमधल्या एका म्हातारीनं सांगितली. तिचं नाव सुद्धा..." ती आठवत राहिली. आठवलं नाही.

भाचीनं लिहिलं, 'आजी, आणि आजीला सांगणारी म्हातारी.'

आईनं कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला, यादी वाचली, मग खालचं पालखीचं पान ओढून वाचू लागली. एका ओळीवर बोट ठेवून तिनं वर पाहिलं.

"आठ भोई कुणी लिहिले? चार असतात."

भाचीनं खोडरबर शोधायला चिवड्याचा डबा उचलला.